पायलटच्या कानाला दोष देऊन थांबू नका, यंत्रणा कुठली होती ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की सगळ्याच पेपरात, तुमच्याही, पहिले दोन दिवस मोठे मथळे असतात, फोटो असतात, आणि मग कधीतरी चौकशीचा अहवाल येतो तेव्हा आतल्या पानावर चार ओळी, पायलटला दिशाभ्रम झाल्याने अपघात, संपलं. वाचणारा समजतो की पायलटचीच चूक होती आणि पान उलटतो. मला त्या चार ओळींबद्दलच लिहायचंय कारण मी वाशीला एका कान-नाक-घशाच्या क्लिनिकमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे, चक्कर येणाऱ्या पेशंटच्या तोलाच्या टेस्ट हे माझं रोजचं काम आहे, आणि हा दिशाभ्रम ज्याला म्हणतात, म्हणजे आपण वळतोय की सरळ, वर चाललोय की खाली हेच न कळणं, तो कसा होतो ते मी रोज समोर बघते. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झालीत, एका बाजूला खाडी आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, पावसाळ्यात तर इथं ढग कुठं संपतात आणि डोंगर कुठं सुरू होतो तेच कळत नाही, त्यामुळं आता हा विषय आपल्या घरावरचाच आहे असं धरून लिहितेय.

आधी टेस्टचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. पेशंटला बेडवर झोपवतो, डोकं थोडं उचललेलं, डोळ्यांवर काळा गॉगल, त्यात कॅमेरा, बाहेरचा उजेड अजिबात आत येत नाही. मग एका कानात ४४ डिग्रीचं कोमट पाणी सोडायचं, अर्धा मिनिट फक्त. माणूस जागचा हललेला नाही, बेड हललेला नाही, तरी तो म्हणतो, मॅडम बेड फिरतोय, पडेन मी, आणि खरोखर कडेला घट्ट धरून ठेवतो. स्क्रीनवर त्याची बुबुळं एका बाजूला सरकताना आणि झटक्यानं परत येताना दिसतात. चांगले धडधाकट, शिकलेले लोक असतात, त्यांना आधी सगळं समजावून सांगितलेलं असतं की फिरल्यासारखं वाटेल पण काही फिरत नाहीये, तरी वाटायचं ते वाटतंच. माहिती असून उपयोग नसतो. मग गॉगलच्या आत आम्ही एक बारीक लाइट लावतो आणि सांगतो त्या ठिपक्याकडं बघा, आणि ज्याचा मेंदू ठीक आहे त्याचे डोळे बऱ्यापैकी शांत होतात, त्यालाही बरं वाटतं. डोळ्याला धरायला एक स्थिर ठिपका मिळाला की कानाचा गोंधळ दाबला जातो. माझ्या मते सगळा विषय या ठिपक्यात आहे.

कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात द्रव असतो, आणि डोकं वळलं की तो द्रव मागं राहतो त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय. घरी करून बघा, पाण्यानं भरलेलं पातेलं ओट्यावर गोल फिरवा, भांडं लगेच फिरतं पण पाणी मागं राहतं, थोड्या वेळानं पाणीही भांड्याबरोबर फिरायला लागतं, आणि भांडं थांबवलं तरी पाणी फिरतच राहतं. विमान एकसारखं वळत राहिलं तर पंधरा-वीस सेकंदात द्रवही नळीच्या वेगानं फिरायला लागतो आणि कान सांगतो की सरळ चाललोय. पायलटनं विमान खरंच सरळ केलं की कान सांगतो उलट्या बाजूला वळलास, म्हणून तो परत आधीच्या वळणात जातो आणि त्याला वाटतं मी सरळ केलं. आणि वळण फार हळू सुरू झालं तर कानाला ते मुळातच कळत नाही. याशिवाय कानात दुसरा एक भाग असतो जो गुरुत्वाकर्षण ओळखतो, पण त्याला वेग वाढणं आणि मागं कलणं यातला फरक कळत नाही, त्यामुळं रात्री समुद्रावर टेक-ऑफ घेताना जोर वाढला की पायलटला वाटतं विमानाचं नाक फार वर गेलंय आणि तो ते खाली दाबतो. खाली समुद्र असतो. दिवसा क्षितिज दिसतं तेव्हा डोळे कानाला गप्प बसवतात, ढगात किंवा अंधारात तो आधार जातो.

ही काही परदेशातली गोष्ट नाही. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं सम्राट अशोक नावाचं जंबो जेट, रात्री आठनंतर सांताक्रूझहून दुबईला निघालं, आणि दोन मिनिटंही झाली नव्हती तेव्हा वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. विमान थोडं उजवीकडं वळून सरळ झालं पण कॅप्टनच्या समोरचा कल दाखवणारा डायल उजव्या कलावरच अडकून राहिला. पुढं फक्त काळा समुद्र आणि काळं आकाश, कान म्हणतोय काही कळत नाही, डायल म्हणतोय उजवीकडं कललोय, म्हणून कॅप्टननं डावीकडं वळवलं, आणखी वळवलं, शेवटी विमान ९० अंशाच्याही पुढं डावीकडं कललं आणि खाली आलं. शेजारच्या को-पायलटचा डायल बरोबर चालत होता. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरच्या लक्षात आलं होतं, त्यानं सांगायचा प्रयत्नही केला, पण वेळ उरली नव्हती. कार्टर रोडला किंवा बँडस्टँडला फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहितीये की समोर तिथं हे झालंय?

मला यातून जे दिसतं ते असं की कॅप्टन अननुभवी नव्हता, आळशी नव्हता, त्याला ठिपकाच खोटा मिळाला. आणि खोटा ठिपका खोटा आहे हे मोठ्यानं ओरडून सांगणारी व्यवस्था त्या कॉकपिटमध्ये पुरेशी नव्हती. आता नवीन विमानात दोन्ही बाजूंचे स्क्रीन एकमेकांशी सतत ताडून बघितले जातात आणि फरक पडला की दोघांच्याही समोर तशी सूचना येते. म्हणजे मार्ग होता, काढला गेला.

खरं तर हे कळून शंभर वर्षं झाली. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला डेव्हिड मायर्स नावाच्या लष्करी डॉक्टरनं विल्यम ऑकर या पायलटला फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसवलं, खुर्ची थांबली तरी ऑकर म्हणाला मी उलटा फिरतोय. इतका अनुभवी पायलट, त्याला ते फार लागलं. पुढच्या वेळी तो एक डबा घेऊन आला, आत वळण दाखवणारं यंत्र आणि टॉर्च, त्यात डोकं घालून बसला आणि प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. तीन वर्षांनी, २४ सप्टेंबर १९२९ ला, जिमी डूलिटल या अमेरिकन पायलटनं झाकलेल्या कॉकपिटमधून फक्त यंत्रं बघत विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. तेव्हापासून कॉकपिटमध्ये विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज आलं, आता ते वर निळं खाली तपकिरी असतं. आणि १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही असं करून उडायला लावलं, वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदात. तीन मिनिटंसुद्धा नाही. एवढं सगळं माहिती असताना आजही आपण अहवालात दिशाभ्रम लिहून फाइल बंद करतो याचा मला खरंच राग येतो.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतेय, घरी आली की काकू काकू करत सगळं सांगते. तिच्या इन्स्ट्रक्टरनं तिला डोळे मिटायला सांगितले, विमान अगदी हळू हळू वळवत नेलं, आणि विचारलं आता विमान काय करतंय, ती म्हणाली सरळ चाललंय, डोळे उघडले तर डावा पंख खाली आणि क्षितिज तिरपं. ती म्हणते पुस्तकात शंभरदा वाचलं होतं पण पोटात गोळा आला तेव्हा कळलं. पण तिच्या बॅचमधल्या सगळ्यांना हा अनुभव नीट मिळत नाही म्हणे, इन्स्ट्रक्टर आणि वेळ यावर असतं. बेंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, तिथं हा भ्रम जमिनीवरच अनुभवायला देणारा सिम्युलेटर आहे, हवाई दलाच्या पायलटना तिथं हे शिकवतात. मला वाटतं नागरी विमानं आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला लायसन्सच्या आधी तिथं किंवा तशा दुसऱ्या ठिकाणी एकदा तरी बसवलं पाहिजे, आणि नंतर ठराविक वर्षांनी परत.

पण नुसत्या ट्रेनिंगवर माझा भरवसा नाही, माझे पेशंट रोज दाखवतात की माहिती असूनही कान ऐकत नाही. म्हणून यंत्रणा. आणि यंत्रणा म्हणजे नुसती बेल वाजवणारी नाही. २००७ साली केनिया एअरवेजचं बोइंग ७३७ विमान कॅमेरूनमधल्या डुआलाहून रात्री निघालं, ऑटोपायलट चालू आहे असं क्रूला वाटलं पण तो चालू नव्हता, विमान उजवीकडं इतकं हळू कलत गेलं की कोणाला कळलंच नाही, आणि शेवटी 'बँक अँगल, बँक अँगल', म्हणजे विमान फार कललंय, अशी सूचना वाजली तेव्हा कॅप्टननं दचकून आणखी उजवीकडंच वळवलं. ११४ जण गेले. विचार करा, बेल वाजली, शब्दात सांगितलं, पण कुठल्या बाजूला वळायचं ते सांगितलं नाही, आणि ज्याचा कानच चुकलाय त्याला नेमकं तेवढंच कळत नसतं! बोइंगनं नंतर ७३७ मध्ये अशी सोय आणली की सूचना 'डावीकडं वळ' किंवा 'उजवीकडं वळ' असं स्पष्ट बोलते आणि स्क्रीनवर त्या बाजूला मोठा बाण दिसतो. साधी गोष्ट वाटते पण चक्कर आलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे ज्याला कळतं त्यानंच ती केलीय. मी पण पेशंटला 'सांभाळा' असं म्हणत नाही, 'डावा हात इथं धरा' म्हणते.

एअरबसचा मार्ग वेगळा, तिथं नेहमीच्या स्थितीत कॉम्प्युटर ६७ अंशांच्या पुढं विमान कलूच देत नाही, आणि ३३ च्या पुढं कललं असताना पायलटनं हात सोडला तर विमान आपोआप ३३ वर परत येतं. लहान विमानांच्या बऱ्याच ऑटोपायलटवर आता एक निळं बटण असतं, काही सुचेना झालं की ते दाबायचं, विमान पंख सरळ करून उंची धरून उभं राहतं म्हणजे उडत राहतं, आणि पायलटला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मला हे बटण फार आवडलं कारण त्यात पायलटला कुठली बाजू वर आहे ते ठरवायची गरजच नाही, फक्त 'मला कळत नाहीये' एवढं कबूल करायचं.

आणखी एक यंत्रणा जी मला कानाची माणूस म्हणून सगळ्यात पटते. अमेरिकन नौदलाचे डॉक्टर अँगस रुपर्ट यांनी ९० च्या दशकात एक जॅकेट तयार केलं, आत बारीक बारीक थरथरणारी यंत्रं बसवलेली, विमान उजवीकडं कललं की अंगाच्या त्या बाजूला थरथर, हेलिकॉप्टर मागं सरकायला लागलं की पाठीवर. डोळ्यांना बाहेरचं काही दिसत नसतानासुद्धा पायलटनी फक्त त्या थरथरीवर विमान आणि हेलिकॉप्टर सांभाळून दाखवलं. कान खोटं बोलतोय आणि डोळे रेडिओ, नकाशा, हवामान यात अडकलेत, तर मग त्वचा मोकळी आहे ना, तिच्याकडून सांगा. आम्हीसुद्धा कानाचा तोल कायमचा गेलेल्या पेशंटला अनवाणी चालायला, तळव्याखालची जमीन ओळखायला शिकवतो आणि हळूहळू ते रस्त्यावर नीट चालायला लागतात. त्वचेवर मेंदू विश्वास ठेवतो. एवढं चांगलं तंत्र पंचवीस-तीस वर्षांत नेहमीच्या हेलिकॉप्टरपर्यंत का आलं नाही, खर्च म्हणाल तर मोबाइल थरथरवणारी मोटर आज काय किमतीला मिळते ते बघा, बाकी प्रमाणपत्राचा खर्च मोठा असतो हे मान्य, पण तो करायला कोणी बसलंच पाहिजे.

आणि जिथं पायलट पूर्णच चकलाय तिथं विमानानंच ताबा घ्यायचा. अमेरिकेच्या एफ-१६ लढाऊ विमानात २०१४ पासून अशी यंत्रणा आहे, जमीन जवळ येतेय आणि पायलट काही करत नाहीये असं दिसलं की शेवटच्या क्षणी विमान स्वतः पंख सरळ करून वर उचलतं आणि परत पायलटच्या हातात देतं. दहाहून जास्त पायलट यामुळं जिवंत आहेत. एप्रिल २०१९ मध्ये जपानचं एफ-३५ लढाऊ विमान रात्री समुद्रात गेलं, तिथल्या सरकारनं कारण सांगितलं दिशाभ्रम, त्या विमानात तेव्हा ही यंत्रणा बसलेली नव्हती. जगातलं सगळ्यात महागड्या विमानांपैकी एक, आणि कान तोच आपल्या सगळ्यांचा.

आता आपल्याकडं येते. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं, १४ जण गेले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिन्ही दलांच्या चौकशीचा निष्कर्ष आला की हवामान अचानक बदलल्यानं हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटला दिशाभ्रम झाला आणि ते डोंगराला धडकलं. देशाचे संरक्षण दलप्रमुख त्यात होते, निवडलेले पायलट होते. २०२० मध्ये अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर गेलं तेव्हा पायलट कंट्रोलरला सांगत होता की मी वर चढतोय आणि हेलिकॉप्टर डावीकडं वळत खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता हो, त्याला वर चढतोय असंच वाटत होतं.

आपल्या महाराष्ट्रात हेलिकॉप्टर किती उडतात बघा. जुहूहून रोज बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगार जातात, खाली नुसतं पाणी, पावसाळ्यात समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं. यात ठाण्या-नवी मुंबईतली कितीतरी घरं आहेत, ऐरोली, कोपरखैरणे, पनवेल, चौदा-चौदा दिवसांच्या ड्युटीवर जाणारी माणसं माझ्या क्लिनिकला कान तपासायला येतात. निवडणूक आली की नेते एका दिवसात चार जिल्हे करतात, सह्याद्रीच्या डोक्यावरून, सभेला उशीर झाला म्हणून घाई, माळशेज किंवा कसाऱ्याच्या वर ढग एका मिनिटात कसा उतरतो ते आपण गाडीतून जातानाही बघतो. मोठ्या विमान कंपन्यांच्या जेटमध्ये यातल्या बऱ्याच सोयी आलेल्या असतात म्हणून मला नवी मुंबईहून उडणाऱ्या विमानांची तेवढी काळजी वाटत नाही, माझी काळजी हेलिकॉप्टर, भाड्याची छोटी विमानं आणि फ्लाइंग स्कूल यांची आहे, जिथं एक मशीन जुनं, एक नवं, आणि आत कोणती यंत्रणा आहे ते बसणाऱ्याला कोणी सांगत नाही.

काही जण म्हणतील यंत्रांवर एवढं अवलंबून राहिलं तर पायलट उडवणंच विसरतील. यात तथ्य आहे, केनियाच्या विमानात ऑटोपायलट चालू आहे असा समजच नडला, म्हणून हातानं उडवायचा सराव हवाच. पण चष्मा लावला म्हणून कोणी बघायचं विसरत नाही, आणि कानाची मर्यादा सरावानं जात नाही, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

तर तुमच्याकडं माझी मागणी अशी की पुढच्या वेळी अहवालात दिशाभ्रम हा शब्द आला की तुमच्या वार्ताहरानं तिथं थांबू नये. त्या मशीनमध्ये जमीन जवळ आली की सांगणारी यंत्रणा होती का, ऑटोपायलट होता का आणि तो चालत होता का, पंख सरळ करायचं बटण होतं का, दोन क्षितिजं ताडून बघायची सोय होती का, पायलटला शेवटचं दिशाभ्रमाचं ट्रेनिंग कधी मिळालं होतं, हे विचारावं आणि उत्तर मिळालं नाही तर तसं छापावं. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, हेलिकॉप्टर आणि चार्टर कंपन्यांची ही माहिती मशीनप्रमाणे वेबसाइटवर टाकावी म्हणजे बसणारा स्वतः बघेल. आणि राज्य सरकार व्हीआयपींसाठी हेलिकॉप्टर भाड्यानं घेतं तेव्हा टेंडरमध्ये सीट आणि एसीबरोबर या गोष्टींची अट असते का हे मी विमानचालन संचालनालयाकडं माहिती अधिकारात विचारतेय, अर्ज तयार आहे, सोमवारी टाकणार. काय उत्तर येतं ते तुम्हाला कळवीन, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपली नियमित वाचक,
एक ऑडिओलॉजिस्ट, नेरुळ, नवी मुंबई